शेकोटीचा रीतसर अर्ज

२ जानेवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. रोज दहा ओळी, न चुकता. माणसाने निदान स्वतःशी तरी स्पष्ट बोलावं.

तर स्पष्टच लिहितो. ही बहिणीकडे हवापालटाला गेली त्याला आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. मेहुणीचा गुडघा दुखतो, घरात मदतीला कोणीतरी हवं. गेल्या आठवड्यात मेहुणी बस पकडायला पळताना दिसली. पण गुडघ्याचं असंच असतं, मधूनच बरा वाटतो.

घरी सगळं उत्तम. भात जमू लागला आहे. दोनदा करपला, पण त्या कुकरची शिट्टीच सदोष आहे.

संकल्प: पहाटे उठणे. साखर कमी. हिला रोज फोन न करणे, उगाच तिला वाटायचं मला करमत नाही.

३ जानेवारी

हिला फोन केला. उचलला नाही. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही, कारण बोलणं झालंच नाही.

५ जानेवारी, रात्री ८

झकास कल्पना सुचली! २२ फेब्रुवारीला लग्नाला तीस वर्षं होतात. मागच्या अंगणात तीस रॉकेट्स. एकेका वर्षाचं एक. ही फाटकातून आत येते, मी इशारा करतो, आकाश लखलख. मग पुढचं सगळं आपोआप.

मुलीला फोनवर सांगितलं. ती लांब असते, आठवड्यातून एकदा बोलते. आधी बराच वेळ गप्प होती. लाइन गेली असं वाटलं. मग म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का? मी म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं? ती नुसतं हं म्हणाली. लग्न झाल्यापासून तिच्यातला उत्साह जरा कमीच झालाय.

८ जानेवारी

नियम काढून बसलो. खरं तर काढायची गरज नव्हती. नगर कार्यालय, तळमजला, खिडकी क्रमांक तीन: फटाके, उघड्यावर जाळणे, अंगणातील आग. सव्वीस वर्षं तिथे मीच बसतो. नियमावलीतलं निम्मं मराठी माझं आहे. 'धूर शेजाऱ्याच्या खिडकीत शिरता कामा नये' या वाक्याला मला दोन रात्री लागल्या होत्या.

नियम चार: उडणारे फटाके फक्त परवानाधारक व्यक्तीने, आणि जवळच्या घरापासून साठ मीटर अंतरावर. आमचं अंगण नऊ मीटर. तेही फाटक उघडं धरून.

हरकत नाही. रॉकेट्स रद्द. भुईनळे चालतील.

९ जानेवारी

भुईनळ्यांचा अर्ज रीतसर भरला, खिडकीच्या बाहेरच्या बाजूने सरकवला, आत येऊन खुर्चीत बसलो आणि तपासला. कोपऱ्यावर रुग्णालय, म्हणजे शांतता क्षेत्र. चार मिनिटांत नामंजूर. आजवरचा सर्वांत जलद निकाल.

टायपिस्टबाई म्हणाल्या की अर्जदाराची आणि अधिकाऱ्याची सही अगदी सारखी दिसते. मी म्हटलं, असू शकते. मग त्या बराच वेळ ड्रॉवरमध्ये तोंड घालून काहीतरी शोधत होत्या. खांदे हलत होते.

ऑफिसात माझ्या पाठीमागे मला विझवेसाहेब म्हणतात. आदरानेच.

११ जानेवारी, रविवार

शेकोटी! इतके दिवस सुचलं कसं नाही. हिला शेकोटी फार आवडते. थंडी पडली की घमेल्यात चार काटक्या पेटवून आजूबाजूच्या बायका गोळा करायची. नियमाप्रमाणे घमेलं चालत नाही, शेकोटी जमिनीत तीन फुटी खड्ड्यातच हवी, पण तो तपशील झाला.

आता शेकोटीचा विषय निघालाच आहे तर ३१ ऑक्टोबरचं लिहून टाकतो, म्हणजे नोंद राहील. त्या संध्याकाळी ऑफिसातून येताना आमच्याच घरामागून धूर दिसला. पंधरा तारखेपासून गवत वाळल्यामुळे बंदी चालू होती. परिपत्रक मीच काढलेलं. मागे जाऊन पाहतो तर ही, शेजारच्या नर्सबाई, ड्रायव्हरकाकांच्या घरच्या काकू आणि हिच्या शाळेतल्या तिघीचौघी. घमेलं पेटलेलं. गाणीबिणी चालली होती. मी एक शब्दही वावगा बोललो नाही. नळाखालची बादली उचलली आणि ओतली. मग नोटीस लिहिली. 'नियमभंग करणाऱ्याचे नाव' या रकान्यात हिचं संपूर्ण नाव घातलं, कारण काडी हिनेच लावली होती. नियम सगळ्यांना सारखा. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर मी असंच केलं असतं की नाही?

हिच्या पदराला शिंतोडे उडाले होते, ते झटकले. नोटीस घेतली, घडी घातली. बायका आपापल्या घरी गेल्या. रात्री जेवायला वाढलं.

पंधरा दिवसांनी ती बहिणीकडे गेली. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलट सामान भरताना ती नोटीस तिने जपून पर्समध्ये ठेवलेली मी पाहिली. म्हणजे नियमाबद्दल मनात आदरच.

१४ जानेवारी

शेकोटीचा अर्ज तयार. वेळ संध्याकाळी पाच ते सात. लाकूड कोरडं, रंग न लावलेलं. भिंतीपासून पंधरा फूट. दोन बादल्या पाणी, एक घमेलं वाळू. वारा जोराचा नको. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती. सोपं आहे.

१५ जानेवारी

सोपं नाही.

डावीकडे ड्रायव्हरकाका. जन्मभर ट्रक चालवला, आता दिवसभर पायरीवर बसतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना पाला जाळल्याबद्दल मी नोटीस दिली होती. म्हणाले, आधी ती मागे घ्या, मग सही. मी म्हटलं, नोटीस मागे घ्यायची तरतूद नाही. ते म्हणाले, मग सहीचीही नाही.

उजवीकडे नर्सबाई. त्यांनी लगेच सही केली. कागद परत देताना मात्र म्हणाल्या की इतकं सगळं त्या दिवशी केलं असतं तर. मी विचारलं, कोणत्या दिवशी? त्या म्हणाल्या, अहो, ती रिटायर झाली त्या दिवशी.

मी म्हटलं, ती नोव्हेंबरअखेर रिटायर झाली.

त्या म्हणाल्या, नाही. एकतीस ऑक्टोबर. शाळेतून थेट घरी आल्या होत्या सगळ्याजणी. मुलांनी दिलेला हार तिने खुंटीला अडकवला होता. तुम्ही आलात की तुम्हाला दाखवणार होती.

१६ जानेवारी

डोकं दुखत होतं. काही लिहिलं नाही.

१७ जानेवारी

तारखेत चूक होणं ही तांत्रिक बाब आहे. ऑक्टोबर काय, नोव्हेंबर काय. चौतीस वर्षं हस्तकला शिकवली तिने त्या शाळेत. एक महिना इकडे तिकडे.

आणि हार दिसला नाही, कारण मी मागच्या दाराने गेलो होतो.

२० जानेवारी

स्वतः जाऊन आमंत्रण द्यायचं ठरवलं. निळा शर्ट घातला. इस्त्री स्वतः केली, खिशावर थोडा पिवळा डाग पडला, पण वर पेन लावलं की झाकतो.

मेहुणीने दार उघडलं. गुडघा ठणठणीत. हसली नाही. म्हणाली, ताई दुकानात आहे. कसलं दुकान? तर पडदे शिवायचं. ती दोघींनी मिळून काढलंय. मला कोणी बोललं नव्हतं. किंवा बोललं असेल.

दुकान कोपऱ्यावरच. काचेतून पाहिलं. ही स्टुलावर चढून पडद्याचं माप घेत होती, दाताखाली टाचणी, गळ्यात टेप, आणि खालची गिऱ्हाईक बाई काहीतरी बोलत होती आणि ही हसत होती. टाचणी पडेल म्हणून तोंड दाबून हसत होती. मी काचेशी उभा राहिलो. एवढी हसते हे माहीत होतं मला, पण बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग तिने मला पाहिलं. बटण बंद केल्यावर पंखा जरा वेळ फिरत राहतो ना, तसं ते हसू थोडं राहिलं आणि थांबलं.

चहा दिला. साखर अर्धा चमचा, सांगावं लागलं नाही. मी आमंत्रण दिलं, सोबत अर्जाची प्रत. तिने चष्मा लावून सगळ्या अटी वाचल्या, अगदी मागच्या पानावरच्याही. विचारलं, आणि वारा सुटला तर? मी म्हटलं, तर पुढची तारीख. ती म्हणाली, बरं. येईन.

येईन म्हणाली!!

पुढे आणखी काहीतरी म्हणाली. शेकोटीपुरती, की असंच काहीसं. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता, नीट ऐकू आलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

खड्डा खणला. तीन फूट व्यास, टेपने मोजून. पहिला साडेतीन झाला, तो बुजवून दुसरा. कंबर धरली आहे. हिचं कपाट पुसलं. अर्धं रिकामं असल्यामुळे पुसायला सोपं गेलं. उशांना नवे अभ्रे, दोन्ही उशांना.

३१ जानेवारी

ड्रायव्हरकाकांची सही अजून नाही. माफी मागावी लागणार असं दिसतं. आरशासमोर सराव केला. 'दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे' हे फार सरकारी वाटलं. 'चुकलो' हे फार छोटं वाटलं. दाढी करता करता दोन्ही म्हणून पाहिलं, हनुवटीला कापलं.

१ फेब्रुवारी

काका पायरीवर होते. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, चुकलो. पाला तुम्ही कोपऱ्यात, पाणी शेजारी ठेवून जाळत होतात. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

काका बघतच राहिले. मग पेन मागितलं. सही करता करता म्हणाले, साहेब, ही प्रॅक्टिस चाललीय की खरं? मी म्हटलं, म्हणजे काय? ते म्हणाले, काही नाही, बरं बोललात.

अर्ज मंजूर केला. २२ फेब्रुवारी. गोल शिक्का मारला. ठसा सुरेख उमटला.

९ फेब्रुवारी

अडचण. गेले आठ दिवस कोरडा वारा आहे. टेकडीवर गवत पेटलं, अग्निशमनवाल्यांना तीन तास लागले. साहेबांनी संपूर्ण बंदीचं परिपत्रक तयार करायला सांगितलं. तातडीने.

तयार केलं. 'दिनांक २३ फेब्रुवारीपासून.'

सव्वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. पण विचारपूर्वकच केलं आहे. लोकांना तयारीला वेळ मिळायला हवा.

१० फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, तातडीचं परिपत्रक आणि तारीख दोन आठवड्यांनंतरची का? मी टायपिंगची चूक म्हटलं. टायपिस्टबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, हो साहेब, माझीच चूक.

साहेबांनी तारीख बदलून २० केली. त्याआधीच्या तारखांचे परवाने चालतील, तेही वारा पडलेला असेल तरच.

बाईंना थँक्यू म्हणायचं राहून गेलं. उद्या म्हणेन.

११ फेब्रुवारी

बाईंना थँक्यू म्हटलं. हिला फोन केला. उचलला. परवान्याची तारीख बदलून कार्यक्रम १९ला घ्यावा लागेल म्हटलं. ती म्हणाली, १९ला हॉटेलच्या पडद्यांची डिलिव्हरी आहे. मग जरा थांबून, अर्धा तास येते.

लग्नाचा वाढदिवस नाही, पण तीनच दिवस अलीकडे. आणि अर्धा तास म्हणजे बोलण्यापुरतं. एकदा बसली की माणूस उठत नाही.

१८ फेब्रुवारी

वारा.

१९ फेब्रुवारी, दुपारी २

वारा पडला! झाडाचं पान हलत नाही. अर्ध्या दिवसाची रजा. खुर्च्या पुसल्या. तिच्या खुर्चीवर उशी. काय बोलायचं ते चार मुद्द्यांत लिहून खिशात ठेवलं आहे: (१) तारखेबद्दल. (२) बादलीबद्दल. (३) नोटीस कार्यालयीन चूक म्हणून रद्द करता येईल, मी तरतूद शोधली आहे. (४) घरी चल.

१९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

घडलं तसं लिहितो.

पाचला नर्सबाई आल्या, काका आणि काकू आल्या. मी काडी ओढली. विझली. दुसरी. कागद लावला, कागद जळून गेला, लाकडं तशीच. सतरा काड्या झाल्या. काकूंनी तोंडावर पदर धरला. काका म्हणाले, साहेब, जन्मभर विझवलीत, कधी लावली नाहीत का? सगळे हसले. मीही हसलो. खरंच कधी लावली नव्हती. हीच लावायची.

साडेपाचला फाटक वाजलं. ही आली. खांद्याला रिकामी पिशवी. सगळ्यांची विचारपूस केली. मग खड्ड्याकडे पाहून म्हणाली, तुम्ही जरा बाजूला व्हा. मी रचलेले ओंडके तिने सगळे काढले. तळाशी बारीक काटक्या, वर जाड, मधे हवेला वाट. एक काडी, एक फुंकर. पेटली.

तासभर छान गेला. म्हणजे मी बोलत नव्हतो, बाकीचे बोलत होते. काकूंनी गाणं म्हटलं, हिने दुसरी ओळ उचलली. तिचं अर्ध्या तासाकडे लक्ष नव्हतं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

सात वाजायला पाच कमी असताना नर्सबाई ड्यूटीला निघाल्या, काका-काकूही उठले. मीही सवयीने वाळूच्या घमेल्याशी गेलो. ही म्हणाली, थोडी असू दे ना. मी घमेलं खाली ठेवलं. सात वाजले. सात वाजून गेले. मी बसून राहिलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

खिशातला कागद काढायचं सुचलं नाही. मी म्हटलं, रिटायरमेंटची तारीख चुकली माझी. ती म्हणाली, तारखेचं काही नाही हो. मी म्हटलं, बादली. चुकलो. तिने मान डोलावली, निखाऱ्यांकडे बघत. म्हणाली, खरं म्हणताय, कळतंय मला. आणि तुम्ही एवढं केलंत, बरं वाटलं.

मग मी चौथा मुद्दा म्हटला.

ती रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती अगदी हळू बोलली, एखाद्या मुलाला शाळा सुटल्यावर समजावतात तशी. म्हणाली की तिला कसलीही शिक्षा करायची नाही. एका संध्याकाळचं मनात धरून बसायला ती लहान नाही. पण तिथे गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. संध्याकाळी तिथे फाटक वाजतं, आणि छातीत धस्स होत नाही. रेडिओ मोठा आहे का, दिवा फुकट जळतोय का, चपला ओळीत आहेत का, असं चटकन आठवून पाहावं लागत नाही. फाटक वाजतं आणि कोणीतरी आलेलं असतं, एवढंच.

तीस वर्षं मी रोज सहा वाजता ते फाटक वाजवत आलो. मला वाटायचं, ही लगबगीने उठते ती चहा टाकायला.

मी म्हटलं, फाटकाला तेल घालतो.

ती हसली. खरंच हसली. आणि मग डोळे पुसले. मग आत गेली, तिची हस्तकलेची पुस्तकं, जाड स्वेटर आणि आईचा फोटो पिशवीत भरला. दारात म्हणाली, भाताला पाणी थोडं जास्त घालत जा, करपणार नाही. मी म्हटलं, बरं. बसस्टॉपपर्यंत पिशवी मी घेतली. बस लगेच आली. एरवी वीस-वीस मिनिटं येत नाही.

परत आलो तेव्हा सात पंचवीस. शेकोटी अजून जळत होती.

२० फेब्रुवारी

ऑफिस. आजपासून संपूर्ण बंदी लागू. नोटीसबोर्डावर परिपत्रक मीच लावलं.

काल परवान्यापेक्षा पंचवीस मिनिटं जास्त आग राहिली. पेटती सोडून मी बसस्टॉपवर गेलो, हा वेगळा गुन्हा. दिवसभर खिडकीत बसून तक्रारीची वाट पाहिली. कोणीही आलं नाही.

टायपिस्टबाईंनी डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

२१ फेब्रुवारी

संकल्प:

(सुचला की लिहीन.)

२२ फेब्रुवारी, रविवार

आज तीस वर्षं झाली.

उशिरा उठलो. उठून करायचं काही नव्हतं. दुपारी मुलीचा फोन आला. हवा कशी आहे, कंबर कशी आहे, असं बोलत राहिली. आई कधी येणार हे तिने विचारलं नाही. मग लक्षात आलं, इतक्या दिवसांत तिने ते कधीच विचारलेलं नाही. विचारायचे ते बाहेरचे लोक, आणि सांगायचो तो मी.

मीच म्हटलं, आई आता येणार नाही.

ती म्हणाली, हो बाबा. मला माहीत आहे. नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं तिने.

मी विचारलं, मग तू मला बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही रॉकेट्सबद्दल सांगत होतात. इतके खूश होतात.

दोघंही थोडा वेळ गप्प राहिलो. लाइन गेली नव्हती.

मग तिने विचारलं, जेवलात का?

नाही म्हणालो.